आजोबांचं ७०७ आणि नातवाचं विमान: वेग तोच का राहिला?

प्रश्न नाशिकच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. १९०३ मध्ये लाकूड-कापडाचं विमान उडालं आणि १९६९ मध्ये, म्हणजे अवघ्या ६६ वर्षांत, कॉन्कॉर्ड आणि जम्बो जेट दोन्ही आकाशात होती. त्याचे आजोबा साठच्या दशकात बोइंग ७०७ ने मुंबईहून लंडनला गेले होते. तो स्वतः गेल्या वर्षी गेला, तेव्हा समोरच्या पडद्यावर तोच ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासचा आकडा. "मग पुढे नेमकं काय झालं? शोध संपले, की कंपन्यांनी मुद्दाम थांबवले?" जाता जाता त्याने आणखी एक विचारलंय: नाशिकच्या ओझर विमानतळावर शिडीवरून विमानात चढताना बंद इंजिनाचा पंखा वाऱ्यावर आपोआप फिरत होता आणि त्यातून खडखड येत होती. इंजिन खराब होतं का?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझ्या उत्तराचा कल कुठे आहे ते कळेल. मी १९७० मध्ये मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलो आणि पुढची ३७ वर्षं हँगर आणि इंजिन शॉपमध्येच काढली. मी वैमानिक नाही, डिझायनर तर नाहीच. विमान मी खालून बघितलंय, पोटाखाली उभं राहून, हातात टॉर्च घेऊन. वैमानिकाला विचाराल तर तो तुम्हाला विमान किती उंच, किती जोरात गेलं ते सांगेल. माझ्यासारखा माणूस सांगणार, इंजिन न उघडता किती तास चाललं. आणि माझं प्रामाणिक मत असं की शतकभरात काय घडलं ते या दुसऱ्या आकड्यात जास्त नीट दिसतं.

तुमच्या प्रश्नात एक दुरुस्ती. आजोबांचा वेग तुमच्याइतकाच होता, पण प्रवास तुमच्याइतका छोटा नव्हता. त्या काळी मुंबई–लंडन एका दमात होत नसे. कैरो, रोम, जिनिव्हा असे थांबे घेत, इंधन भरत विमान जायचं. त्याच्याही आधी, ८ जून १९४८ ला, एअर इंडियाचं पहिलं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला पोचलं १० तारखेला. तेव्हा "काही बदललं नाही" हे निम्मंच खरं. हवेतला वेग थांबला, हे मात्र खरं आहे, आणि त्याचं कारण समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून यावं लागेल. फार रेंगाळणार नाही.

१९०३ च्या डिसेंबरात अमेरिकेत दोन जण शर्यतीत होते. सॅम्युअल लँग्ली हे नावाजलेले शास्त्रज्ञ, पाठीशी सरकारी पैसा, इंजिन ५२ अश्वशक्तीचं. त्या काळात विमानासाठी एवढं हलकं आणि दमदार इंजिन दुसरं नव्हतं. ८ डिसेंबरला त्यांचं यंत्र पोटोमॅक नदीत कोसळलं. नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, सायकल दुकानदार राइट बंधू जेमतेम १२ अश्वशक्तीवर उडाले. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, त्या दिवसातलं चौथं ५९ सेकंदांचं. फरक कुठे होता? लँग्लींनी आधी ताकद मिळवली. विमान हवेत कललं तर सावरायचं कसं, हा विचार नंतरसाठी ठेवला. राइटांनी आधी ग्लायडरवर वर्षानुवर्षं कलणं आणि सावरणं शिकून घेतलं, घरच्या वाऱ्याच्या बोगद्यात पंखांचे आकार तपासले आणि मग इंजिन बसवलं. ते इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने सहा आठवड्यांत बनवून दिलं. आमच्या धंद्याचा मूळ पुरुष हाच. त्याचा जन्मदिवस, २४ मे, आम्ही लोक अजून साजरा करतो.

आपल्याकडे या टप्प्यावर शिवकर बापूजी तळपद्यांचा विषय निघतोच, म्हणून सांगून टाकतो. १८९५ मध्ये त्यांचं विमान चौपाटीवर उडाल्याची गोष्ट मीही लहानपणी ऐकली होती, आणि खरी निघाली असती तर मला आनंदच झाला असता. पण त्या काळातला विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही. 'वैमानिक शास्त्र' या ज्या संस्कृत ग्रंथाचा आधार दिला जातो, तो १९७४ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या मंडळींनी तपासून पाहिला आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. विषय संपला.

विमान सावरायचं कसं हे एकदा कळल्यावर मात्र पुढची पन्नास वर्षं विमान इंजिनाच्या मागेमागे गेलं. इंजिन जेवढं परवानगी देईल तेवढंच विमान. फ्रान्सच्या नोम कंपनीचं रोटरी इंजिन घ्या. त्यात सिलेंडरच गरगर फिरायचे, म्हणजे ते वाऱ्याने थंड राहायचे आणि रेडिएटरचं वजन वाचायचं. वंगण म्हणून एरंडेल तेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ते तेल पूर्ण न जळता धुराबरोबर वैमानिकाच्या तोंडावर यायचं. एरंडेलाचा परिणाम काय होतो ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

पुढे धातू आला. ह्यूगो युंकर्सने १९१५ मध्ये आख्खं धातूचं विमान उडवलं आणि १९१९ मध्ये ड्युरॅल्युमिनचं प्रवासी विमान. मग अमेरिकेत नाका या सरकारी संशोधन संस्थेने १९२८ च्या सुमाराला इंजिनाभोवती एक नीट आकाराचं झाकण बसवून पाहिलं. एवढ्यानेच लॉकहीडच्या एका विमानाचा वेग ताशी तीसेक किलोमीटरनी वाढला. आत ओढून घेता येणारी चाकं आली. गरजेप्रमाणे पात्यांचा कोन बदलणारा प्रॉपेलर आला. पेट्रोलचा ऑक्टेन वाढला. हे सगळं एकत्र आलं ते डीसी-३ मध्ये. त्याचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ ला, राइट बंधूंच्या दिवसानंतर बरोबर ३२ वर्षांनी. आपल्याकडे लोक त्याला डाकोटा म्हणूनच ओळखतात.

डाकोटावर मी स्वतः हात काळे केलेत, त्यामुळे इथे जरा थांबतो. आमच्या प्रशिक्षणासाठी एक जुना डाकोटा होता. दोन इंजिनं, प्रत्येकी १४ सिलेंडर, सिलेंडरमागे दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका विमानाला ५६. नव्या पोराने पहिले सहा महिने काय करायचं, तर प्लग काढायचे, धुवायचे, वाळूच्या मशीनवर घासायचे, गॅप तपासायचा आणि पुन्हा बसवायचे. हे सिलेंडर फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार मांडलेले असतात. इंजिन रात्रभर बंद राहिलं की वरचं तेल झिरपून खालच्या सिलेंडरांत साचतं. सकाळी तसंच स्टार्ट केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो. तेल दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी दोघांनी प्रॉपेलर धरून हाताने फिरवायचा, पाती मोजत. मध्येच हाताला अडल्यासारखं लागलं की जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढून तेल सांडू द्यायचं. एकदा मी "थोडंसंच अडतंय" म्हणून जोर लावला. आमच्या चार्जहँडनी, म्हणजे टोळीच्या मुकादमांनी, लांबूनच ओरडून मला बाजूला केलं आणि त्या दिवशी पूर्ण शिफ्ट हँगरचा फरशीवरचा तेलकट भुसा उचलायला लावला. ते म्हणाले, "इंजिन तुला सांगतंय आणि तू ऐकत नाहीस." तेव्हा राग आला होता.

हे ५६ प्लग म्हणजे काहीच नाही. पिस्टन इंजिनं वाढत वाढत गेली तशी २८ सिलेंडरांपर्यंत पोचली. बोइंग स्ट्रॅटोक्रूझरला अशी चार इंजिनं, म्हणजे २२४ प्लग. अमेरिकेच्या बी-३६ बॉम्बरला सहा, म्हणजे ३३६. सुपर कॉन्स्टेलेशनच्या इंजिनात तर वाया जाणाऱ्या धुराची ताकद वापरायला टर्बाइनसुद्धा जोडली होती. इतकी हुशारी, पण ते इतकं बिघडायचं की चार इंजिनांच्या त्या विमानाला लोक "जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनी विमान" म्हणायचे. आमचे जुने फोरमन त्यांच्या कहाण्या सांगायचे, आणि सांगताना अजून कपाळाला आठ्या पडायच्या. पिस्टनचा रस्ता तिथे संपत आला होता. एकेक अश्वशक्ती वाढवायला हलणाऱ्या भागांची जत्रा भरवावी लागत होती.

जेट इंजिनाने ती जत्राच मोडली. मागेपुढे जाणारं काही नाही, सगळं एकाच दांड्यावर गोल फिरणारं. पुढून हवा ओढायची, दाबायची, त्यात इंधन जाळायचं, तप्त वायूने टर्बाइन फिरवायची, टर्बाइनने पुढचा दाबयंत्राचा भाग फिरवायचा आणि उरलेला झोत मागे सोडायचा. इंग्लंडच्या फ्रँक व्हिटलने १९३० मध्ये पेटंट घेतलं, आणि १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड न भरल्याने ते गेलं. जर्मनीत हान्स फॉन ओहाइनच्या इंजिनावर हाइन्केल विमान २७ ऑगस्ट १९३९ ला उडालं. कल्पना दोघांची तयार होती, अडत होतं धातूपाशी. युद्धात जर्मनांनी मेसरश्मिट-२६२ या लढाऊ जेटमध्ये जे युमो इंजिन वापरलं, त्यासाठी त्यांच्याकडे निकेल आणि क्रोमियमचा तुटवडा होता. परिणाम असा की इंजिनाचं आयुष्य १० ते २५ तास. तास! आज तुम्ही लंडनला जाऊन परत येईपर्यंत ते इंजिन भंगारात गेलं असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

पहिलं जेट प्रवासी विमान ब्रिटनचं कॉमेट, २ मे १९५२ पासून सेवेत. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ ला, एक कॉमेट कलकत्त्याहून उडाल्यावर वादळात कोसळलं. ते वादळाच्या खात्यावर गेलं. मग जानेवारी १९५४ मध्ये एल्बाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट स्वच्छ हवेत तुटली. इंग्लंडमधल्या फार्नबरोला तपास करणाऱ्यांनी आख्खं विमानाचं धड पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आतला दाब कमी-जास्त करत राहिले, जणू रोज उड्डाण आणि उतरणं चाललंय. आधीची खरी उड्डाणं धरून साधारण तीन हजार फेऱ्यांनंतर पत्रा फाटला. उंचावर जाताना धड फुगतं, खाली येताना आकसतं. तार वाकवून वाकवून तुटते तसंच. "चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं" असं सगळीकडे वाचायला मिळतं. एल्बाच्या अवशेषांतली मूळ फाट मात्र प्रवाशांच्या खिडकीला नव्हे, छतावर अँटेनासाठी ठेवलेल्या खिडकीपाशी सापडली. मुद्दा खिडकीच्या आकारापेक्षा मोठा होता: विमानाचं वय वर्षांत किंवा नुसत्या तासांत मोजून भागत नाही, ते किती वेळा फुगलं-आकसलं हेही मोजावं लागतं. आजही प्रत्येक विमानाच्या लॉगबुकात तासांशेजारी सायकल्सचा रकाना असतो. माझ्या आयुष्यात मी तो रकाना किती हजार वेळा भरला असेल कोण जाणे.

आता तुमच्या आजोबांचं ७०७. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने ते ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर सुरू केलं, आपल्याकडे १९६० मध्ये आलं. मागे वळलेले पंख, खाली टांगलेली इंजिनं, आवाजाच्या वेगाच्या साधारण ८० ते ८५ टक्के. आजचं ७८७ सुद्धा याच पट्ट्यात उडतं. का? त्या उंचीवर आवाजाचा वेग ताशी साधारण १०६० किलोमीटर असतो. विमान त्याच्या ८५ टक्क्यांवर असलं तरी पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा जास्त वेगाने पळते, आणि काही ठिकाणी आवाजाचा वेग ओलांडते. तिथे धक्कालहर तयार होते आणि विमानाला होणारा हवेचा विरोध एकदम उसळतो. वेग थोडा वाढवायला इंधन भसाभस ओतावं लागतं. मागे वळलेल्या पंखांनी हा उंबरठा थोडा पुढे ढकलला, एवढंच. ७०७ या उंबरठ्याला जाऊन टेकलं होतं. कॉन्व्हेअर ९९० या विमानाने त्याच्यापेक्षा थोडं जास्त जोरात जाऊन दाखवलं. बनली फक्त ३७.

मग उंबरठा ओलांडूनच का जाऊ नये? कॉन्कॉर्ड गेलं की. आवाजाच्या दुप्पट वेग, नाकाचं टोक सव्वाशे अंश सेल्सिअसच्या वर तापायचं, आणि उड्डाणात विमान उष्णतेने काही इंच लांब व्हायचं. एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, पुढे सोडून दिलं. इंजिनीअर म्हणून मी त्या विमानापुढे हात जोडतो. पण हिशेब बघा: प्रवासी शंभर, टाक्या सुमारे ९५ टनांच्या. साधारण तेवढ्याच इंधनात जम्बो साडेतीनशे-चारशे माणसं अटलांटिकपार नेई. त्यात जमिनीवरून आवाजाच्या वेगापुढे उडालं की खाली गावोगाव स्फोटासारखा आवाज, म्हणून तो वेग वापरायचा तो समुद्रावरच. मुंबई–लंडनच्या वाटेवर समुद्र किती आणि जमीन किती, ते नकाशा काढून बघा. शिवाय १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेल काही महिन्यांत चौपट महागलं. सेवेत उतरली जेमतेम १४, आणि २००३ मध्ये तीही थांबली.

तेव्हा "कंपन्यांनी मुद्दाम थांबवलं का?" याला माझं उत्तर: हो, एका अर्थाने थांबवलं, पण कटकारस्थान करून नाही. तिकीट काढणाऱ्यांनी स्वस्त आणि हळू विमान निवडलं. तुम्हीही निवडलंत. लंडनला चार तासांत पोचायला पाचपट भाडं पडलं असतं तर तुम्ही गेला असता का?

लष्करी विमानांचं वेगळं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्याच ओझरचं उदाहरण घ्या. तिथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात साठच्या दशकापासून मिग-२१ बनलं आणि २००४ नंतर सुखोई-३० एमकेआय. दोघांचा कमाल वेग आवाजाच्या दुपटीच्या आसपासच. पण मिग थोड्या अंतरावर जाऊन लगेच परत फिरायचं, तर सुखोई तीन हजार किलोमीटर जातं, आठ टन शस्त्रं उचलतं, हवेतच इंधन भरून घेतं. अमेरिकेचं एफ-३५ तर पन्नासच्या दशकातल्या एफ-१०४ पेक्षा चक्क हळू आहे. अपवाद आहेत, अमेरिकेचं टेहळणी विमान एसआर-७१ आवाजाच्या तिपटीपुढे गेलं. पण ती मोजकी, खास कामाची विमानं होती.

मग १९६० नंतर डोकी कुठे लागली? माझ्या मते दोन जागी: इंजिनाच्या तोंडाशी आणि इंजिनाच्या पोटात.

तोंडाशी म्हणजे पंखा. काठीने पाणी झपाझप मारण्यापेक्षा रुंद वल्ह्याने सावकाश ढकललं तर होडी कमी श्रमात पुढे जाते. इंजिनाचंही तसंच. थोडी हवा फार जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताने ढकलणं स्वस्त पडतं. म्हणून पुढे मोठा पंखा लावायचा आणि बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्यात न नेता बाहेरून वळवून मागे सोडायची. आजोबा साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला गेले असतील तर त्यांच्या ७०७ ला रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं असणार, ही पद्धत सेवेत आणणारं पहिलं इंजिन. त्यात गाभ्यातल्या हवेच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश हवा बाहेरून जायची. जम्बोच्या जेटी९डी इंजिनात पाचपट. आजच्या ७८७ मध्ये नऊपट किंवा अधिक. वेग आणि काटकसर यांचं भांडण इथेच आहे: एवढं रुंद तोंड घेऊन आवाजाच्या वेगापुढे जाता येत नाही, आणि आवाजापुढे जाणारं चिंचोळं इंजिन सावकाश उडताना खादाड असतं.

हे सुखासुखी झालेलं नाही. सुरुवातीच्या जेटी९डीला पूर्ण जोर दिला की त्याचं गोल कवच किंचित लंबगोल व्हायचं. पात्याचं टोक आणि कवच यांत केसाएवढंच अंतर असतं, त्यामुळे पाती घासायची, फट वाढायची आणि इंधन वाया जायचं. बोइंगच्या एव्हरेटमधल्या कारखान्याबाहेर तयार जम्बो इंजिनांची वाट बघत उभी होती आणि तोल राहावा म्हणून त्यांच्या पंखांखाली काँक्रीटचे ठोकळे लटकवले होते. शेवटी इंजिन टांगायची चौकट बदलून जोर वेगळ्या जागी वाटून दिला, तेव्हा निभावलं.

आणि पोटात म्हणजे टर्बाइनची पाती. हा माझ्या आवडीचा विषय, नोकरीतली निम्मी वर्षं यातच गेली. रात्रपाळीला विमान यायचं, इंजिन निवायला दोन-तीन तास द्यायचे, मग कवचावरचं बोटभर रुंदीचं बूच काढून आत बोरोस्कोप घालायचा. तेव्हा कॅमेरा-पडदा नव्हता. सरळ पोलादी नळी आणि टोकाला डोळा. एकजण गिअरबॉक्सला रॅचेट लावून रोटर अगदी हळू फिरवणार, दुसरा डोळा लावून एकेक पातं बघणार आणि "थांब… जा… थांब" म्हणणार. पातं तुमच्या करंगळीपेक्षा थोडं मोठं. त्याच्या कडेने बारीक भोकं, शेवेच्या सोऱ्याच्या चकतीला असतात तशी, फक्त सुईच्या जाडीची. त्या भोकांतून थंड हवा बाहेर पडून पात्याभोवती पातळ आवरण धरते. याची गरज अशी की बाहेरच्या वायूचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही जास्त असतं. वितळेल इतक्या आगीत ते मिनिटाला हजारो फेरे फिरतंय आणि तरी शाबूत आहे.

ही पाती ओततात कशी, तर आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती करतात तशी: आधी मेणाचं पातं, त्यावर मातीचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. धातू गोठताना त्यात बारीक कण तयार होतात आणि कणांच्या सांध्यांतून भेगा सुरू होतात. म्हणून आधी सगळे सांधे उभ्या दिशेने येतील अशी युक्ती निघाली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रवासी विमानांत आख्खं पातं एकाच स्फटिकाचं येऊ लागलं. सांधाच नाही, भेग पडायची कुठून? मी पहिल्यांदा असं पातं हातात घेतलं तेव्हा वेगळं काहीच दिसलं नाही. काळपट करडा तुकडा. स्टोअरवाल्याने किंमत सांगितली तेव्हा मात्र दोन्ही हातांनी धरलं.

आता मघाचा आकडा. युमो: १० ते २५ तास. पुढे चांगल्या पिस्टन इंजिनांना हजार-दोन हजार तासांनी उतरवून पूर्ण खोलायचं. शतकाच्या शेवटी सीएफएम५६ जातीची इंजिनं पंखावरून एकदाही न उतरवता वीस हजार तासांच्या पुढे गेलेली आहेत. रोज दहा तास उडालं तरी ही साडेपाच वर्षं झाली. हे तुमच्या समोरच्या पडद्यावर दिसत नाही, पण तिकिटाच्या किमतीत दिसतं. इंजिन इतकं भरवशाचं झालं म्हणून १९८५ पासून दोनच इंजिनांच्या विमानांना जवळच्या विमानतळापासून १२० मिनिटं आणि पुढे १८० मिनिटं लांब जाण्याची मुभा मिळाली. चार इंजिनांच्या विमानांची गरज तिथूनच ओसरायला लागली. दरम्यान कॉकपिटमधून नॅव्हिगेटर, रेडिओ ऑपरेटर आणि शेवटी फ्लाइट इंजिनीअर असे एकेक जण उठून गेले. शेवटचा गेला तेव्हा आम्हा जमिनीवरच्या लोकांना वाईट वाटलं. रात्री दोनला उतरल्यावर स्नॅग, म्हणजे बिघाड, नीट समजावून सांगणारा आपल्यातलाच माणूस वर असायचा, तो गेला. सीटमागे लागणारं इंधन मात्र पहिल्या जेटांच्या तुलनेत शतकाअखेर साधारण ७० टक्क्यांनी उतरलं होतं.

माझ्या सांगण्याला एक मर्यादा आहे. कॉम्प्युटर आणि फ्लाय-बाय-वायरवाला (म्हणजे दोऱ्या-दांड्यांऐवजी विजेच्या संदेशांनी विमान वळवणारा) माणूस म्हणेल खरी क्रांती १९८८ मध्ये एअरबसचं ए-३२० आलं तिथे झाली. त्याचंही चुकत नाही. मी इंजिनवाला, मला इंजिन दिसतं. तुम्हाला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर सगळे कॉन्कॉर्ड घेतात, तुम्ही टर्बाइनचं एक पातं घ्या: १९४४ चं, १९७० चं आणि १९९५ चं शेजारी शेजारी.

राहिली खडखड. इंजिन खराब नव्हतं. पंख्याची पाती मधल्या चकतीला घट्ट ठोकलेली नसतात. बुंध्याचा आकार सुताराच्या शेपटीच्या सांध्यासारखा असतो आणि तो खाचेत किंचित सैलच बसवतात, म्हणजे एखाद्या पात्याला पक्ष्याचा मार बसला तर तेवढं पातं हँगरमध्ये न नेता जागेवर बदलता येतं. वाऱ्यावर पंखा हळू फिरतो तेव्हा वर गेलेलं पातं आपल्या वजनाने खाली घसरतं आणि टक् करून बसतं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. इंजिन सुरू झालं की प्रत्येक पात्याला बाहेरच्या बाजूला कित्येक टनांची ओढ लागते, सगळी आपापल्या खाचेत आवळून बसतात आणि टकटक थांबते. पुढच्या वेळी ओझरला वारा असेल तर शिडीवर चढताना मोजून बघा, एका फेऱ्यात किती टक् होतात ते. मागचे लोक ओरडतील, पण मोजा.